बेल्जियमचे उदारमतवादी आणि आमच्या मंडळाची पत्रिका

काय सांगू तुम्हाला! मुद्दाम तोडायला गेले असते तर इतक्या सफाईने तुटलं नसतं. मी तर जोडायला गेले होते!

दोहात आम्हा कोकणी मुसलमानांचं एक छोटं मंडळ आहे. ईदनंतर सगळी घरं समैस्माच्या किनाऱ्यावर जमतात, सांदणं खातात, वाळूत बसून गावच्या उखाळ्यापाखाळ्या काढतात. यंदा मात्र या मेळाव्याच्या निमंत्रणपत्रिकेवरून वाजलं. माझे अब्बा म्हणाले, पत्रिका मराठीत हवी. त्यांचे जिगरी दोस्त कासमचाचा म्हणाले, उर्दूत. दोघं एकाच विमानाने कतारला आलेले, आणि आता तीन आठवडे साधा सलामही नाही! गंमत म्हणजे चाचा उर्दूची बाजूसुद्धा मराठीतच मांडत होते.

अम्मी शुक्रवारी सवयीने चाचांचाही चहा टाकायची आणि मग मुकाट्याने ओतून द्यायची. ते मला बघवेना. शिवाय मी राज्यशास्त्राची पदवीधर! फोनवर गुलाबाची फुलं पाठवण्यापलीकडे ज्यांची मजल नाही, त्या म्हाताऱ्यांना जगाचा इतिहास कोण सांगणार? मीच ना!

शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर मंडळाची मीटिंग होती. मी सरळ माइक घेतला.

"बेल्जियमचं नाव ऐकलंय? एक देश, दोन भाषा. उत्तरेला डच, दक्षिणेला फ्रेंच. आणि तिथला सगळ्यात जुना पक्ष कोणाचा? उदारमतवाद्यांचा!"

"उदार म्हणजे जेवण फुकट देत काय गो?" मागून कोणीतरी विचारलं.

"ऐका हो! राजा, धर्मगुरू, कोणाची भीड नाही ठेवली त्यांनी. माणसाने आपल्या डोक्याने विचार करावा म्हणून भांडले. शाळांसाठी भांडले. आणि भाषा दोन असून पक्ष एक! शंभरावर वर्षं एक! आणि तुम्हाला एक पत्रिका छापता येत नाही?"

काय बोलले हो मी! अंगावर काटा आला, माझ्याच. मला ते लोक खरोखर आवडले होते. आजही आवडतात.

कासमचाचांनी हात वर केला. "पोरी, त्यांच्या सभा कुठच्या भाषेत होत?"

"बहुतेक फ्रेंचमध्ये," मी बेसावधपणे म्हटलं.

"मग डचवाले काय करीत? माना हलवीत?"

"बघा!" अब्बा ताडकन उठले. "म्हणजे आमच्यासारखंच! एकाने बोलायचं, दुसऱ्याने गप बसायचं!"

"गप तू बसवतोस की मी?" चाचा गरजले.

हॉल पेटला. मी "यल्ला, शांत बसा!" म्हणून ओरडतेय, कोण ऐकतो? तेवढ्यात चाचांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, फोन डोळ्यांजवळ नेला आणि बोटाने पान सरकवत राहिले. मला वाटलं, गुलाब पाठवतायत.

"पोरी," ते म्हणाले, "पुढं लिहिलंय, हा पक्ष भाषेवरून फुटला. डचवाले वेगळे, फ्रेंचवाले वेगळे."

काय आहे, चाचांनी फोनवर उघडला होता तोच लेख मी ऑफिसात जेवताना वाचला होता. निम्म्यावरच इतकी भारावले की तिथेच भाषण लिहायला घेतलं!

मग अब्बांनी, तीन आठवड्यांत पहिल्यांदा, थेट चाचांना विचारलं, "फुटले, मग मेले काय रे ते?"

"नाय रे. दोघंही जगले. आणि सरकारात कितीदा तरी एकमेकांना लागून बसले."

"लागून?"

"लागून."

"मग आपणही तसंच करू. तुझी कमिटी नि पत्रिका वेगळी, माझी वेगळी. समैस्माला चटई एकच."

"खलास! ठरलं!" चाचा म्हणाले, आणि दोघांनी चक्क मिठी मारली. एकीचं भाषण ऐकून मंडळाचे दोन तुकडे झाले, आणि लोक टाळ्या कुणासाठी वाजवतायत? माझ्यासाठी!

संध्याकाळी दोन्ही कमिट्यांच्या पहिल्या सभा झाल्या. कुठे? आमच्याच दिवाणखान्यात, एकाच सोफ्यावर. अम्मीचा चहा एक थेंबही वाया गेला नाही. दोन्ही कमिट्यांचा पहिला ठराव शब्दन्‌शब्द सारखा निघाला. तो मराठीतून उर्दूत करायचं काम अब्बांनी माझ्यावर सोपवलं. "शिकलेली आहेस ना तू!"

मी ऐटीत कागद घेतला. वर लिहिलं होतं: 'उदारमतवाद्यांचा इतिहास फार चांगला असून मंडळ त्यांचे आभारी आहे. मात्र यापुढे अर्धवट वाचून येणाऱ्यांना माइक देण्यात येणार नाही.'

खाली अशा माणसांची यादी जोडलेली होती. यादीत एकच नाव होतं. तेही उर्दूत मलाच लिहावं लागलं.