पाच फिती

सीट बेमध्ये माझी पोस्टिंग झाली तेव्हा कॉर्पोरल गजानन लांजेवार तिथे वर्षभर आधीपासून होता. सीट बे म्हणजे लढाऊ विमानाच्या इजेक्शन सीटची देखभाल होते ती जागा. माझं गाव रामटेकजवळ, त्याचं कुही. पश्चिमेकडच्या त्या तळावर नागपूरकडचे आम्ही दोघेच. पहिल्याच दिवशी त्याने विचारलं, "धानवाला हायेस का संत्रेवाला?"

"धानवाला."

"मंग बस इथं. चहा घे."

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. बी.ए. नोकरीत असतानाच बाहेरून केलं. परीक्षेच्या दिवसांत माझी ड्यूटी गजानन करायचा. हे आधी सांगतो, कारण पुढचं जे लिहायचं आहे ते मला लिहिता येतं, तेही त्याच्यामुळेच.

नागरी वाचकांसाठी थोडं समजावतो. विमान जमिनीवर असताना सीट चुकून उडू नये म्हणून तिला सुरक्षापिना लावलेल्या असतात. आमच्या विमानात पाच होत्या. प्रत्येक पिनेला एक लाल फीत, आणि पाचही एका दोरीला बांधलेल्या. पायलट पट्टे आवळून बसला की आम्ही पिना काढायचो, हातात धरून त्याला दाखवायचो. तो मोजायचा आणि अंगठा दाखवायचा. एक जरी कमी भरली तरी विमान हलत नसे.

कॉकपिटमध्ये चढणाऱ्याने आधी पिना मोजायच्या, असा नियम. प्रत्यक्षात आम्ही फिती मोजायचो. पीन सीटच्या आत असते, तिथे बोट घालून चाचपावं लागतं. फीत शिडीवरूनच दिसते. सगळेच तसं करायचे, मीही. गजानन तर मोठ्याने मोजायचा. एक ते पाच म्हणायचा आणि मगच आत बसायचा.

त्या सकाळी साडेनऊला चार विमानांचं उड्डाण होतं. नऊ वाजून पाच मिनिटांनी लाइनवर, उड्डाणासाठी उभ्या असलेल्या तिसऱ्या विमानाची एक पीन वाकलेली सापडली. स्टोअरमध्ये शिल्लक नव्हती. रेडिओवर विचारणा आली.

"नंबर थ्री, स्टेटस?"

"स्टँडबाय."

दोन मिनिटांनी पुन्हा तेच. आमचे वॉरंट ऑफिसर मला घेऊन हँगरमध्ये आले. तिथे एक विमान सर्व्हिसिंगला लागलं होतं. त्याच्या सीटचं काम गजाननकडे होतं. तो सकाळी तपासणी करून, फॉर्मवर सही करून नाश्त्याला गेला होता.

"भोयर, इसकी एक पीन निकाल."

"सर, फॉर्म में एंट्री?"

"मैं करता हूं. तू भाग."

दोरीच्या गाठी सोडायला वेळ नव्हता. मी पीन फितीच्या कडीतून सोडवली आणि पळालो. तिची फीत दोरीला तशीच राहिली. हे मी पाहिलं होतं. वाटलं, दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे.

नऊ बावीसला नंबर थ्री निघालं. त्यातून काढलेली हँगरची पीन मी वॉरंट साहेबांच्या हातात दिली. "वापस लगा देता हूं," म्हणाले आणि त्यांनी ती शर्टच्या खिशात टाकली. मग ते विमानं उडेपर्यंत तिथेच उभे राहिले. मीही राहिलो. नऊ एक्केचाळीसला हँगरकडून आवाज आला.

गजानन नाश्ता करून परत आला होता. वर चढून कामाला बसला होता. हँगरच्या छताच्या पत्र्याला सीटने भोक पाडलं होतं. त्याबद्दल मी एवढंच लिहीन.

दहा मिनिटांनी मला तीच पीन दिसली, त्याच्या शिडीपाशी, जमिनीवर. साहेबांच्या खिशातून ती तिथे आपोआप आली नव्हती. फॉर्ममध्ये एंट्री नव्हती.

चौकशीच्या आदल्या संध्याकाळी वॉरंट साहेबांनी मला बाजूला घेतलं. "जितना पूछेंगे, उतना बोल. जो गया वो वापस नहीं आएगा. तेरा प्रमोशन है." दुसऱ्या दिवशी चौकशी अधिकाऱ्यांनी मला विचारलं, सीट शेवटची पाहिली तेव्हा फिती जागेवर होत्या का? मी म्हणालो, "यस सर. पाचों." त्यांनी पुढे विचारलं नाही. मीही बोललो नाही. निष्कर्ष असा निघाला की लांजेवारने कामासाठी पीन स्वतः काढली आणि परत लावायला विसरला. मला त्या वर्षी कॉर्पोरलची पट्टी मिळाली.

त्या दोरीवरची एक फीत मी काढून ठेवली. कुठली, ते सांगायला नको.

सार्जंट म्हणून निवृत्त झालो आणि नागपूरला, नंदनवन भागात घर बांधलं. विमानतळाच्या भिंतीबाहेर एका टपरीवर रविवारी सकाळी विमानवेड्यांचा एक ग्रुप जमतो, तिथे जाऊ लागलो. बँकवाले, दुकानदार, कॉलेजची पोरं. तर्री पोहे खाता खाता जुन्या फोटोंवरून त्यांचे वाद चालतात.

"हे पाय, हंटर. काय लाइन हाय गा त्याची!"

"तो नॅट हाय बे. चष्मा बदल."

"काकाले विचार. काका, सांगा बरं."

"मी फक्त सीट ओळखतो," मी म्हणायचो. "तिच्या भोवतीचं विमान तुम्ही ओळखा."

सगळ्यांच्या गाड्यांच्या किल्ल्यांना लाल फीत असते, बाजारात मिळते ती. आमच्याकडे कोणी तशी फीत खिशात घालून गेटबाहेर गेला असता, तर त्याचा आठवडा गार्डरूममध्ये गेला असता. मी त्यांना ते कधी सांगितलं नाही.

ग्रुप चालवतो मंगेश. इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवतो. शेपटावरचा नंबर पाहून विमानाचा सगळा इतिहास सांगतो. मला काका म्हणायचा. माझं डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा घराची किल्ली त्याच्याकडे होती. मागच्या उन्हाळ्यात, माझ्या गच्चीवर, मी त्याला सगळं सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कोणाला तरी सांगत होतो. त्याने खुर्ची माझ्याजवळ ओढली. मग म्हणाला, "काका, ग्रुपचं विमानांचं प्रदर्शन भरवतोय, त्यात हे लावू. जे झालं तेच लावू. माझ्यावर सोडा."

मी त्याला फीत दिली. गजाननच्या बायकोला, सुमनवहिनींना, कुहीला फोन केला. म्हटलं, "वहिनी, प्रदर्शनाला या. गजाननबद्दल खरं लिहून येऊन राहिलं."

प्रदर्शन कॉलेजच्या हॉलमध्ये होतं. अकराला उद्घाटन. दाराशी प्रत्येकाला भेट म्हणून एक लाल फितीची किचेन मिळत होती. मी साडेदहालाच आत गेलो. काचेच्या पेटीत माझी फीत होती. खाली छापील कार्ड:

"सुरक्षापीन स्वतः काढून परत लावायला विसरल्याने एका तंत्रज्ञाने प्राण गमावले. हवाई क्षेत्रात विसराळूपणाला जागा नाही."

नाव नव्हतं. मी दोनदा वाचलं. मग स्टेजकडे पाहिलं. पहिल्या खुर्चीवर, ब्लेझरवर मेडल लावून, आमचे वॉरंट साहेब बसले होते. प्रमुख पाहुणे. शेजारच्या टेबलावर त्यांचे दोन अल्बम आणि एक जुनं हेल्मेट, त्यांच्या नावाच्या पाटीसह.

मंगेश माइक तपासत होता. मी त्याला हाक मारली.

"हे काय लिहिलंस?"

"काका, साहेब स्वतः तिथे होते. चौकशीत जे निघालं तेच त्यांनी सांगितलं."

"मीही तिथे होतो."

त्याने आवाज खाली केला. "तुम्ही हे चौकशीत सांगितलं होतं का?"

"नाही."

"मग मी कशाच्या आधारावर लिहू? आणि साहेब नसते आले तर हे हेल्मेट, हे फोटो... काका, समजून घ्या ना. कार्यक्रम झाल्यावर बोलू."

मला त्याचा राग आला. अजून आहे. नाही लिहायचं तर त्याने फीत परत द्यायची होती. ती ठेवून घेतली आणि तिच्याखाली हे लिहिलं. पण चौकशीत "पाचों" म्हणणारा मीच होतो.

तेवढ्यात वहिनी आल्या. कुहीच्या बसने आल्या होत्या, नातवाला शेजारणीकडे ठेवून. हातात दाराशी मिळालेली किचेन. त्या पेटीपाशी गेल्या आणि सावकाश, बोट फिरवत, कार्ड वाचू लागल्या. मी मागे उभा राहिलो.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "हे तर मले तवाच सांगतलं होतं. हेच वाचाले कुहीहून बलावलं काय गा?"

मी सांगितलं. तिथेच, उभ्या उभ्या. पीन मी काढली. फीत मी राहू दिली. पीन कोणाच्या खिशात होती. चौकशीत मी काय बोललो. हळू बोलायचं ठरवलं होतं, पण परेडचा आवाज लागला असावा, हॉल शांत झाला. वॉरंट साहेब खुर्चीतून उठले. "भोयर, अब इस उमर में क्या?" म्हणाले. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

वहिनी रडल्या नाहीत.

"पोरगी विचारे, बाबा कसे होते, तं मी सांगो, चांगला होता पण विसराळू होता. घरात काही विसरली तं बापावर गेली म्हणो मी तिले. इतकी वर्सं." त्यांनी कार्डावरचं बोट उचललं. "आन् तुमी दरसाल दिवाळीले येत होते. जेवून जात होते."

"हो."

त्यांनी किचेन माझ्या हातात ठेवली आणि दाराकडे वळल्या. मी बसस्टँडपर्यंत सोडतो म्हणालो. "नोका येऊ," म्हणाल्या.

मी पेटीची काच सरकवली. कोणी अडवलं नाही. कार्ड उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेनने लिहिलं: कॉर्पोरल गजानन लांजेवार, कुही. पीन त्याने काढली नव्हती. मी काढली होती. सार्जंट भोयर. कार्ड परत फितीखाली ठेवलं. दुपारपर्यंत ते तिथे होतं की नाही, मला माहीत नाही. म्हणून इथे पुन्हा लिहिलं आहे.

या दिवाळीला मी कुहीला गेलो नाही. रविवारी टपरीवरही जात नाही. मंगेशचे दोन फोन येऊन गेले.

गजानन विसराळू नव्हता. त्या सकाळी शिडी चढताना त्याने मोजल्या असणार, नेहमीसारख्या, मोठ्याने. एक, दोन, तीन, चार, पाच. पाच भरल्या. त्याची मोजणी बरोबर होती.