आमच्या आधी येऊन गेलेली बाई

हसू नका असं मी म्हणणार नाही, हसाच. पण हातातला कप आधी खाली ठेवा. कारण ही फजिती हसण्यापर्यंत पोचायच्या आधी चांगली दोन दिवस अंगावर काटा आणत होती.

आमच्या थोरल्या जाऊबाई, अक्का, दोन वर्षं माझ्याशी बोलत नव्हत्या. राहायला दोघी जळगावातच, चालत गेलं तर वीस मिनिटं. कारण म्हणाल तर श्रावणातल्या कानबाई देवीच्या सणाचे रोट. आमच्याकडे नैवेद्याचं पहिलं पान थोरल्या सुनेनं वाढायचं. त्या दिवशी अक्कांना उशीर झाला, नैवेद्य निवत चालला आणि मी वाढून मोकळी झाले. अक्का दारात आल्या, पान पाहिलं, पायातल्या चपलाही न काढता तशाच वळल्या. ते वळणं मला अजून दिसतं.

आता यावर काय करायला हवं होतं? एक फोन. पण मी कुठली फोन करते? मी नवस बोलले! चार देवींना जाईन, चारही ठिकाणी अक्कांच्या नावानं ओटी भरीन, पण बायांनो, माझी अक्का मला परत द्या.

नाताळची सुट्टी शनिवार-रविवारला जोडून आली, तेव्हा बेत ठरला. आमची मेघा गाडी चालवणार होती, म्हणून तिनं मोबाईलवर रस्ते पाहिले. मी वहीत राहुकाळ मांडले. आमच्या ह्यांनी फक्त जेवण कुठे कुठे आहे ते विचारलं. पहिल्या दिवशी एरंडोलच्या अलीकडच्या मळ्यातली देवी आणि चाळीसगावच्या डोंगरातली. मुक्काम चाळीसगावला. दुसऱ्या दिवशी धुळ्यात देवपूरची आणि शेवटी दोंडाईच्याबाहेर शेतात आमची कुलदेवी. चारही ठिकाणी मी आठवडाभर आधी फोन करून सांगून ठेवलं, अक्कांचं नाव दिलं, एक ओटी, नैवेद्याची तीन पानं.

निघालो ते धुक्यात. रस्त्यावर ही गाड्यांची रांग, सगळा महाराष्ट्र सुट्टीला निघालेला. एरंडोलच्या अलीकडे डावीकडे वळलो आणि एकदम सामसूम. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, वारा नाही तरी पानं सळसळताहेत. एक शेंदूर लावलेला दगड मागे गेला. पाच मिनिटांनी तोच दगड पुन्हा आला.

"आई, रस्ता चुकलोय एवढंच," मेघा म्हणाली.

मला मात्र चकवा शब्द आठवला. तोंडानं काढला नाही, मनात स्तोत्र सुरू केलं.

देवळात पोचलो तर माणूस नाही, पण घंटा हलत होती. देवीपुढे ओटी भरलेली. खण, नारळ, तांदूळ, हळदीकुंकू अजून ओलं. गुरवाची बायको मागून आली आणि मलाच म्हणाली, उशीर केला तुम्ही. तुमच्यातल्या एक बाई आत्ताच ओटी भरून, जेवून गेल्या.

मी म्हटलं, आमच्यातलं कुणी पुढे आलेलं नाही. आम्ही तिघंच.

तिनं पानांकडे बोट केलं. तीनपैकी एक पान जेवून झालेलं, उलटं घातलेलं.

कशा होत्या त्या बाई? तर हिरवं पातळ, डोक्यावरून पदर, बोलणं कमी. जाताना एवढंच म्हणाल्या, माझी माणसं मागून येताहेत.

उरलेल्या दोन पानांवर ह्यांनी आणि मेघानं जेवून घेतलं. मला घास उतरलाच नसता.

चाळीसगावच्या पुढे डोंगरात गाड्यांची अशी कोंडी की दोन तास जागचे हललो नाही. ऊन पांढरंफटक, कड्यावर वानरं बसलेली, एकही ओरडत नव्हतं. देवळापाशी पोचलो तर ओटी भरलेली. एक पान उलटं. आणि तिथल्या म्हाताऱ्या पुजाऱ्यानं माझ्यापुढे पाण्याचा तांब्या केला.

"शोभाबाई तुम्हीच ना? त्या म्हणाल्या, शोभा पाणी घरी विसरली असेल, आल्याबरोबर तिला पाणी द्या."

पाण्याचा कॅन ओट्यावर राहिला होता, हे मला तोवर माहीतच नव्हतं. मेघानं डिकी उघडून पाहिली. खरंच नव्हता. मी तांब्या दोन्ही हातांत धरला आणि न पिता आधी कपाळाला लावला.

मेघा तेव्हापासून दोनदा काहीतरी सांगायला आली. "आई, मला वाटतं ना..." मी गप्प केलं. नवसाच्या वाटेवर शंका बोलू नये.

दुसऱ्या दिवशी देवपूरला नदीकाठी हीऽऽ गर्दी. त्या गर्दीतूनही पुजाऱ्याची सून नेमकी आमच्याकडे आली. ओटी भरून झाली होती, एक पान उलटं होतं. उरलेल्या दोन पानांतल्या एकातला शिरा तिनं आमच्यादेखत काढून घेतला.

"त्या सांगून गेल्यात, यजमानांना गोड वाढू नका. साखर आहे त्यांना."

इतका वेळ हे माझी थट्टा करत होते. म्हणायचे, तुझी देवी जेवणारी आहे, चांगली भूक आहे तिला. शिरा गेला आणि ह्यांचा चेहरा उतरला. गाडीत बसल्यावर हळूच म्हणाले, "शोभा, मी काल चाळीसगावला चोरून जिलबी खाल्ली. तेही तिला कळलं असेल का?"

दोंडाईच्याचा रस्ता धरला. वेचून झालेल्या कपाशीची शेतं, काट्यांना अडकलेला कापूस, आणि रस्त्यावर पुढे सुरुवातीला एक पांढरी गाडी, धुळीत दिसायची न दिसायची. आम्ही वेग वाढवला की नाहीशी.

कुलदेवीच्या ओट्यावर राखणदार आबा बिडी ओढत होते. आम्हाला पाहून उठले.

"या, या. बाई मझार बसेल शे कवयनी. म्हने, मन्हा मानसं मांगून ई राहिनात."

बाई आत बसलेली आहे. कधीची. माझी माणसं मागून येताहेत म्हणते.

मी पदर डोक्यावर घेतला आणि स्तोत्र म्हणायला लागले. पण खरं सांगू का, भीतीच्या आत कुठेतरी आनंद होता. माझ्यासारख्या साध्या बाईसाठी देवी चार मुक्काम पुढे चालत आली होती. मी एकटी आत गेले. गाभाऱ्यात समईचा उजेड तेवढा. मूर्तीच्या शेजारी भिंतीला टेकून हिरवं पातळ, पदर कपाळाच्या खालपर्यंत, हालचाल नाही.

मी सपशेल लोटांगण घातलं, पाय धरले आणि रडत रडत सगळं सांगून टाकलं. "आई, मला काही नको. आमच्या अक्काला तेवढी बुद्धी दे. बाई मनानं सोन्यासारखी आहे गं, पण भारी हेकट. नाकावर राग. एवढ्याशा पानावरून दोन वर्षं तोंड फिरवून बसलीय. आणि भाजीत मीठही जास्त घालते, ते राहू दे, पण तिचा हेका तेवढा मोड."

पाय मागे ओढले गेले नाहीत. पाय कोमट होते. टाचेला भेग होती.

वरून आवाज आला, "मिठाचं आत्ताच कळतंय मला. आणखी काय काय आहे, ते सगळं आजच सांगून टाक."

मी तशीच पालथी पडून राहिले. वर बघायची सोयच नव्हती.

झालं होतं असं की नाव अक्कांचं द्यायचं तर नंबरही त्यांचाच द्यायला हवा, नाहीतर नुसत्या नावाची ओटी देवीला कशी पोचणार, या विचारानं मी चारही ठिकाणी अक्कांचा मोबाईल नंबर सांगितला होता. साहजिकच चारही ठिकाणांहून फोन अक्कांना गेले. बाई, तुमच्या जाऊबाईंनी तुमची ओटी सांगितलीय, अमुक दिवशी अमुक वाजता या. अक्कांनी भाड्याची पांढरी गाडी केली आणि निघाल्या. त्यांचा ड्रायव्हर गर्दीच्या आधी निघणारा, आम्ही राहुकाळ टळल्यावर निघणारे.

"पानं तीन सांगितली होतीस," अक्का म्हणाल्या. "म्हणजे मला बोलावलेलं नाही, हे पहिल्याच फोनला समजलं होतं मला."

"मग आलात कशा?" मी जमिनीकडे बघत विचारलं.

"माझं नाव चार देवींपुढे घेणारी माझी वैरीण कशी असेल? म्हटलं, हिला फोन जमत नाही, मला तरी कुठे जमला. प्रत्येक ठिकाणी तासभर थांबले गं तुझ्यासाठी. तू येशील तर ना!"

मग मात्र मी उठून त्यांच्या गळ्यात पडले. बाहेर मेघा आबांना सांगत होती की मला हे कालच कळलं होतं, पण आमच्याकडे ऐकतं कोण.

देवी पावली, यात शंका नाही. आता अक्का रोज सकाळी साडेआठला येतात. दोन वर्षांचं साचलेलं बोलायचं असतं. दुपारचे दोन वाजतात, माझी पोथी तशीच उघडी राहते. परवा देव्हाऱ्यापुढे हात जोडले आणि अगदी हळू म्हटलं, "आई, दिलंस ते भरपूर दिलंस. पण त्यातलं थोडं, आठवड्यातले दोन दिवस म्हण, परत घेता येईल का?"

आणि पाठीमागून आवाज आला, "कोणते दोन?"