मंगल गायचं राहिलं

फटफटीत उजाडलेलं. अंगणात शेजारच्या दोन बायका निळ्या ताडपत्रीची दोन टोकं धरून उभ्या होत्या, यक्षगानात पात्र येण्याआधी दोघे जण पडदा धरतात तशा. जलजाक्षी आतून ओरडली, "सोडा!" ताडपत्री खाली आली आणि मागे दिसली पांढरी, म्हातारी, पण न्हाऊमाखू घातलेली मारुती. स्टिअरिंगवर जलजाक्षी. बायकांनी टाळ्याच वाजवल्या.

"अहो भागवत, बसा की! का आवतण हवं?"

शीनप्पा देवाडिग दाराची कडी दोन्ही हातांनी धरून बसले. बायको एकसष्टाव्या वर्षी गाडी शिकली, यावर त्यांचा अजून विश्वास बसत नव्हता.

चाळीस वर्षं ते भागवत होते, म्हणजे रात्रभर चालणाऱ्या यक्षगानाच्या खेळात गाणारे आणि तो चालवणारेही. नोव्हेंबरात मेळ्याबरोबर निघायचे ते मे संपताना परतायचे. कुंदापूरपासून कुमट्यापर्यंतचं एकेक मैदान त्यांना ठाऊक, पण अंधारातलं. दिवसा तर झोप. जलजाक्षीने तेवढंही पाहिलं नव्हतं. ब्लाउज शिवता शिवता तिने मशीनवर जितके पाय मारले, तितक्यात गोकर्ण दहादा झालं असतं, असं ती म्हणायची.

गेल्या वर्षी ऐन खेळात शीनप्पांचा आवाज फाटला. दुसऱ्या भागवताने त्यांच्या हातातले टाळ घेतले आणि शेवटचं मंगलही त्यानेच गायलं. तेव्हापासून शीनप्पांनी देवापुढेसुद्धा सूर लावला नव्हता. ते टाळ आज जलजाक्षीने बन्सच्या, म्हणजे केळ्याच्या गोड पुऱ्यांच्या, डब्याखाली लपवले होते. तिला मिरजानचा किल्ला बघायचा होता हे खरं. पण नवऱ्याचं गाणं ऐकल्याशिवाय परतायचं नाही, हे त्याहून खरं.

मरवंते आलं. डाव्या हाताला समुद्र, उजव्या हाताला नदी, मधून रस्ता. तिने कॅसेट आत ढकलली. गाडीत आवाज भरला तो त्यांचाच, वीस वर्षांपूर्वीचा.

"बंद कर ते."

"गाडी माझी, कॅसेट माझी. तुम्ही बन्स खा, मारायरे, माझे महाराज!"

भटकळची बस्ती, म्हणजे दगडी जैन देऊळ, पाहून झाली तरी त्यांचा चेहरा खुलला नव्हता. होन्नावरच्या लांबलचक पुलावर राजकन्येच्या प्रवेशाचं पद लागलं आणि अर्ध्या ओळीवर कॅसेट अडकली. जलजाक्षीने ओळ स्वतःच उचलली, हॉर्नवर ठेका धरून. पुढचा लॉरीवाला दचकून बाजूला झाला.

"थांब, थांब! राजकन्येला आणतेस का कोणाला? ही राक्षसाची चाल!"

"असेल. दर मे महिन्यात माझ्या दारात दाढी वाढवून जो यायचा, त्याचीच चाल माझ्या कानात बसलीय."

चुकलेला ताल ऐकून गप्प बसेल तो भागवत कसला! शीनप्पांनी चिडून मांडीवर थाप मारली आणि ओळ म्हणून दाखवली. आवाज खरखरीत, पण ताल कसा, दगडात कोरल्यासारखा. जलजाक्षीच्या अंगावर काटा आला. पुढची ओळ तिने मुद्दाम चुकवली. मग त्याच्याही पुढची.

मिरजानच्या पायथ्याच्या गावात शीनप्पा कितीदा तरी झोपले होते. किल्ला चढत होते पहिल्यांदा. जांभ्याच्या हिरव्यागार शेवाळलेल्या भिंती बघून जलजाक्षी पोरीसारखी पुढे पळत होती. वर बुरुजावर पोचल्यावर तिने पदराखालून टाळ काढून त्यांच्या हातात ठेवले.

शीनप्पांनी टाळांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "अच्छा, एवढ्यासाठी गाडी शिकलीस!"

आणि ते गायले. राजकन्या आली, मागोमाग राक्षस आला, त्याने तिला उचलून रथात घातलं. आवाज दोनदा फाटला; पाणी प्यायले, पुन्हा उचलला. किल्ला बघायला आलेलं एक कुटुंब चपला काढून समोर बसलं. जलजाक्षी उन्हात उभी राहून हसत होती आणि रडत होती.

मग शीनप्पा थांबले. घाम पुसून हळूच म्हणाले, "जला, त्या दिवशी मंगल माझ्या तोंडून राहिलं. आता गाऊन टाकतो. म्हणजे मी सुटलो."

मंगल गायलं की खेळ मिटला. पात्रं रंग उतरवतात, भागवत टाळ बांधून ठेवतो. त्यांनी टाळ उचलले. जलजाक्षीने झटकन दोन्ही तळवे टाळांवर दाबले. नाद उमटलाच नाही.

"राजकन्या राक्षसाच्या रथात बसलीय आणि तुम्ही मंगल गाताय? उठा मारायरे, गोकर्ण अजून पुढे आहे!"