मूठभर ओवा आणि रिकामी चाळ

मी एकदा ओव्याने अख्खी चाळ रिकामी केली होती.

सालवडला आम्ही नवे होतो. नवरा तारापूरच्या केमिकल कारखान्यात, मी साताऱ्याकडची, आणि लेक सव्वा महिन्याची. तिचं नाक चोंदलं होतं. दूध ओढायला जायची, श्वास कोंडायचा, की दूध सोडून रडायची. सकाळपासून पोटात थेंब नाही. डॉक्टर दुपारी बसायचे. पण तोवर थांबेन ती मी कसली! आमच्या गावी बाळंतिणीच्या खाटेखाली निखाऱ्यावर चिमूटभर ओवा टाकतात. चिमटीने एवढा गुण, तर मुठीने केवढा! खिडक्या लावल्या, मूठभर ओवा शेगडीत ओतला, वर लसणाची सालं, आणि वैद्यीणबाई ऐटीत बसल्या.

धूर फटीतून बाहेर गेला. आमच्या भागात अनोळखी वासाची कोणी चौकशी करत बसत नाही. "गॅस! भागो, गॅस!" रात्रपाळी करून झोपलेले कामगार नाकाला ओले रुमाल लावून पळाले. एकजण टॉवेलवरच. आणि गंमत म्हणजे, लेकीला छातीशी धरून मीही पळाले. माझाच धूर मला कळला नाही!

पळाली नाही ती एकटी, चाळीत मासे विकायला आलेली मुरबे गावची मासेवाली. पाटी डोक्यावर तशीच, नाक वर करून म्हणाली, "गॅस कसला? ओवा हाय!" मग माझ्या दारातून येणारा धूर बघून माझ्याकडे वळली, "अगो, बोंबील बी आमी उन्हात सुकवतो. तू पोरीला धुरात सुकवतेस?"

चाळ हसली. मी रडू लागले.

तिने दारं-खिडक्या उघडल्या, शेगडी बाहेर काढली. चमचाभर ओवा तव्यावर कोरडाच भाजला, फडक्यात बांधला, स्वतःच्या गालाला लावून निवल्याची खात्री केली आणि पुरचुंडी उशापासून वीतभर लांब ठेवली. "वास जाऊ दे नाकात. चटका नको." थोड्या वेळाने लेक दोनदा शिंकली आणि घटाघट प्यायली. दुपारी डॉक्टरांनी मिठाच्या पाण्याचे थेंब दिले आणि धुरावरून मला चांगलं झापलं.

आता त्याच लेकीचं बाळ बोईसरला आहे. ती फोनवर सांगते, "आई, पुरचुंडी घेऊन ये. शेगडी आणलीस तर दारातूनच परत जायचं."

त्या दिवशी माझे डोळे अजून गळतच होते. मासेवालीने पाटी उचलली, तव्यावरचा उरलेला ओवा माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाली,

"पोरगी प्याली ना? मंग रडतेस कशाला? ह्यो तू चाव. घाबरून तुजंच पोट फुगलंय."