ट्रंकेचं कुलूप

आमच्या टॉवेलच्या कारखान्यात सुरक्षेचं ट्रेनिंग झालं तेव्हा बायकांना सगळ्यात मागच्या रांगेत बसवलं होतं. पुण्याहून आलेले साहेब शिकवत होते चांगलं. वीज बंद करा, स्विचला आपलं कुलूप घाला, किल्ली आपल्या खिशात ठेवा, काम संपलं की आपणच काढा. मग लाल कुलपं वाटली, ती फक्त वायरमन आणि फिटरना. मागाखाली हात घालून कापसाची धूळ काढतो आम्ही, पण आम्ही पडलो सफाईवाल्या. साडीला खिसा नसतो म्हणून की काय कोण जाणे! मी उठून विचारलं तर सुपरवायझर हसला.

"तुमाला कशाला पायजे कुलूप? चिंधी बांधता की!"

त्या चिंधीचीच तर मला चीड आहे. माग बंद करायचा आणि आत बाई आहे हे कळावं म्हणून स्विचच्या दांड्याला फडक्याची चिंधी बांधायची, ही आमची रीत. गेल्या वर्षी चिंधी बांधलेली असतानाच कुणीतरी माग चालू केला आणि माझ्या जोडीच्या अक्काच्या दोन बोटांची पेरं गेली. जखम भरल्यावर ती परत त्याच मागाखाली वाकली. करणार काय, घर तिच्यावर चालतं.

ट्रेनिंगच्या दुसऱ्या दिवशी मी घरातल्या ट्रंकेचं कुलूप आणलं आणि अक्काच्या हातात दिलं. तिनं ते दांड्याच्या भोकात घातलं, किल्ली पदराला बांधली आणि मागाखाली शिरली. थोड्या वेळानं सुपरवायझर आला. खाली वाकून बघायचेही कष्ट न घेता त्यानं माग चालू करायला दांडा ओढला. दांडा हलेना.

"कुणाचं हाय हे? काढ आदी!"

"अक्का आत हाय," मी ओरडले.

"मग मला सांगायचं की!"

"कसं सांगू? या खडखडाटात आपलं आपल्याला ऐकू येत न्हाय."

त्यानं दांडा सोडला. मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटत होती. अक्का बाहेर आली, केसांवरचा कापूस झटकला, कुलूप काढलं. तिला काहीच कळलं नव्हतं. मी सांगितलं तेव्हा ती तिथंच खाली बसली. मला वाटलं, आता तरी यांना लाज वाटेल, आता तरी आम्हाला कुलपं देतील.

कसली देतात! त्याच्या दुसऱ्या दिवसापासून गेटवर फक्त बायकांच्या पिशव्या तपासायला लागले. जेवणाचा डबासुद्धा उघडून बघतात. कुलूप सापडलं तर ते ठेवून घेतात आणि आम्हाला आत सोडतात.