चक्कीवाल्याच्या पोरीचा अ‍ॅम्प्लिफायर

बाबांनी तो तांदळाच्या कट्ट्यात भरला, वरून जुनी गोधडी कोंबली आणि कट्ट्याचं तोंड सुतळीनं शिवून टाकलं. सकाळच्या एसटीत तो चढवायला दोन माणसं लागली. कंडक्टरनं पायानं ढोसून पाहिलं. "काय आहे हो भाऊ ह्याच्यात? दगडं भरले का?"

"चक्कीची जळलेली मोटर आहे," बाबा म्हणाले. "पोरगी बाइंडिंगले नेऊन राह्यली चंद्रपूरले."

बाबांना खोटं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते, आणि ते इतकं सहज जमलेलं पाहून मला त्यांचाच संशय आला. गाडी सुरू झाल्यावर त्यांनी खिडकीच्या गजाला हात लावला. "विचारलं तेवढंच सांगायचं. कुठची विचारलं, त चंद्रपूरची म्हनायचं." आई स्टँडवर आलीच नव्हती. ती घराच्या दारात झाडू घेऊन उभी राहिली होती, गल्लीला वाटावं की पोरगी दोन दिवसांसाठीच चालली आहे.

तुम्ही गडचिरोलीत, एटापल्लीच्या त्या बाजूला राहिलात, किंवा माझ्यासारखे नाशिक-पुण्याला निघून आलात. हे तुम्हा दोघांसाठी लिहिते आहे. राहिलेल्यांना त्या कट्ट्यात काय होतं ते अजून ठाऊक नाही, आणि आलेल्यांना मी कुठली ते मी कधी धड सांगितलेलं नाही.

कट्ट्यात माझा अ‍ॅम्प्लिफायर होता. व्हॉल्व्हचा.

चंद्रपूरला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करताना मला हॅम रेडिओचा नाद लागला. हा रीतसर छंद आहे. सरकारची परीक्षा द्यावी लागते, पोलीस चौकशी होते, मग परवाना आणि आपलं असं एक सांकेतिक नाव मिळतं. मग शॉर्टवेव्हवर जगातल्या कुठल्याही परवानाधारकाशी बोलता येतं, तोंडानं किंवा मोर्सच्या टकटकीनं. माझा सेट लहान होता. आमच्या जंगलातून त्याचा आवाज बाहेर पडेपर्यंत विरून जायचा. नागपूरच्या एका म्हाताऱ्या हॅम काकांनी त्यांचं सगळं सामान वाटून टाकायला काढलं, तेव्हा त्यांनी स्वतः बांधलेला हा अ‍ॅम्प्लिफायर मला दिला. लहानशा सेटचा आवाज घेऊन तो कितीतरी पटींनी मोठा करून अँटेनावर सोडायचा. आत काचेचा एकच व्हॉल्व्ह, पाण्याच्या तांब्याहून उंच. देताना काकांनी बजावलं, "ह्याच्या पोटात दोन हजार व्होल्ट असतात. बंद केल्यावरही लगेच हात घालू नकोस."

तो चालवणं म्हणजे चूल पेटवण्यासारखंच होतं, घाई चालत नसे. आधी फक्त व्हॉल्व्हची तार तापवायची आणि काच आतून नारिंगी होईपर्यंत बसून राहायचं. मग मोठा स्विच टाकला की ट्रान्सफॉर्मर घुमायला लागे. दोन काळ्या चक्र्या थोड्या थोड्या फिरवत सुई आधी पाडायची, मग हवी तिथवर चढवायची. तापलेल्या धुळीचा वास खोलीभर पसरे. आणि मग कझाकस्तानातला एक माणूस स्पष्ट ऐकू येई. त्याच्या अंगणात बर्फ पडला होता. आमच्याकडे धान कापणीला आलं होतं. एवढंच आम्ही एकमेकांना सांगितलं. हॅम रेडिओ म्हटलं की लोकांना पुरातून माणसं वाचवल्याच्या गोष्टी हव्या असतात. मी कोणाला वाचवलं नाही. मी फक्त बोलत होते.

गावात माझं टीव्ही-मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं, बाबांच्या पिठाच्या चक्कीला लागूनच. बाईमाणूस स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसते म्हणून आधीच लोक जरा तिरपे बघायचे. त्यात आमच्याकडची लाईन तुम्हाला माहीतच आहे. संध्याकाळी बल्ब जेमतेम पिवळा होतो. चक्की सुरू झाली की गल्लीतले बल्ब मंद व्हायचे, त्याची सगळ्यांना सवय होती. पण दिवेलागणीला मी मोर्सची चावी दाबू लागले की अ‍ॅम्प्लिफायर तेवढ्यापुरती वीज ओढे, आणि गल्लीतले सगळे बल्ब माझ्या टकटकीसरशी मंद-मोठे, मंद-मोठे होत.

समोर मधुकरभाऊंचं किराणा दुकान. एका संध्याकाळी ते चक्कीत येऊन बाबांना म्हणाले, "किसनभाऊ, तुमची पोरगी टकटक करते, त आमचे बलब डोळे मिचकावतात. कोनाले इशारे देऊन राह्यली ते?"

ते हसत म्हणाले होते. बाबाही हसले. पण आमच्या भागात इशारा हा शब्द हसून सोडून देण्यासारखा नाही. जंगलात बंदुका घेऊन फिरणारे होते, त्यांना आम्ही 'आतले' म्हणायचो. त्यांच्या मागावर पोलीस होते. वर पहाडावर खाणीचं मोजमाप चालू होतं आणि त्यामुळे पाड्यांतले लोक धास्तावले होते. माझ्या छपरावरची अँटेनाची तार प्रत्येकानं आपापल्या भीतीप्रमाणे वाचली. पोलिसांना वाटलं, ही आतल्यांना खबर देते. पाड्यातल्यांना वाटलं, खाणीवाल्यांचं यंत्र आहे. आणि आतल्यांना काय वाटत असेल, हा विचार मनात आला की मी चावीवरून हात काढून घेई. कारण त्यांनी कोणाला खबऱ्या ठरवलं तर पुढे काय होतं, ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं.

मी परवाना फ्रेम करून दुकानात लावला. तो इंग्रजीत होता. मधुकरभाऊ त्याच्यापुढे बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "शिक्का त खराच दिसते." पण संशय तिथं संपला नाही. खरा शिक्का मला मिळालाच कसा, हे आता लोकांना कळेना.

मग ठाण्यात नवे ठाणेदार आले आणि त्यांनी मला बोलावलं. नीट बोलले, चहा दिला, परवाना उलटून पालटून पाहिला. "तरी तपासावं लागेल मॅडम," म्हणाले. रीतसर पावती देऊन त्यांनी अ‍ॅम्प्लिफायर नेला आणि काही दिवसांनी तसाच आणून दिला.

पण तो तसाच नव्हता. मी पाठ उघडली. आतली तार न् तार मला पाठ होती. एका कोपऱ्यात रेझिस्टरची रांग होती, तिच्यातल्या एका जुन्याच्या जागी हिरवा रेझिस्टर बसला होता. त्याच्या टोकांना कोणाच्या तरी हातचा सोल्डरिंगचा डाग, चकाकता. मी मीटर लावून पाहिला, आकडा बरोबर आला. पण आकडा बरोबर येऊन संशयाचं भागत नाही. वरून रेझिस्टर दिसतो, आत काय आहे? माझं बोलणं टिपणारं काही? आणखी एक गोष्ट. पूर्वी बंद केल्यावर व्होल्टची सुई रेंगाळत खाली यायची. आता ती झटक्यात शून्यावर येऊ लागली. कोणी काय केलं होतं माझ्या यंत्राला?

त्यानंतर मी तो लावलाच नाही. लावला नाही तरी गल्लीत बल्ब मिचकावले की लोक आमच्या घराकडे बघायचे. चक्कीवरची दळणाची रांगही आटत गेली. मी सगळ्यांची यादी मनात धरून बसायचे. मधुकरभाऊ? सप्लायवाला लाईनमन? रेशनच्या रांगेत माझ्याशी बोलता बोलता अचानक थांबलेली बाई? कोणी सांगितलं ठाण्यात? एका दुपारी बाबा आठवडी बाजारातून लवकर परत आले, सामान न घेता. खाटेवर बसून म्हणाले, "पोरी, तू इथी राहू नको."

"काऊन? कोनी काही म्हनलं का?"

"राहू नको, एवढंच."

बाजारात कोणीतरी बाबांना गाठून धमकी दिली, असं मी धरून चालले. त्यांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. नाशिकच्या अंबडला एका कारखान्यात टेस्टिंगमध्ये जागा निघाली, आणि मग तो कट्टा, ती एसटी.

नाशिकला पहिली काही वर्षं मी विचारलं तेवढंच सांगितलं. 'मले'चं 'मला' केलं, 'काऊन'चं 'का'. तरी कारखान्यातल्या एकीनं विचारलंच, "तुम्ही नक्की कुठल्या हो? तुमच्या बोलण्यात काहीतरी वेगळं आहे." चंद्रपूर म्हटलं की लोक वाघाचं विचारतात, मोहर्लीची सफारी कशी बुक करायची ते विचारतात. एकदा चुकून गडचिरोली म्हणाले, तर समोरच्या बाईंनी खुर्ची किंचित मागे घेतली. कदाचित घेतलीही नसेल. इतक्या वर्षांत मला हे कळेनासं झालं आहे, लोक मागे सरकतात की मलाच तसं दिसतं.

फ्लॅट घेतल्यावर गच्चीवर दोन टाक्यांच्या मध्ये तार बांधायची परवानगी मागितली. सेक्रेटरींनी परवाना वाचला. त्यांना इंग्रजी येत होतं, म्हणून त्यांचे प्रश्न अधिक होते. रेडिएशनचं काय? लिफ्ट बंद पडेल का? वायफाय? शेवटी दारापर्यंत सोडायला आले आणि हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, तुम्ही तिकडच्या, म्हणून विचारतो. परदेशी लोकांशी नेमकं बोलता काय?" मी म्हटलं, हवापाण्याचं. ते हसले. तसलं हसू मी ओळखते. तरी परवानगी मिळाली; लिखित, अटींसह.

लहान सेटवर मी बोलू लागले. अ‍ॅम्प्लिफायर मात्र पलंगाखाली कट्ट्यातच पडून होता. त्या हिरव्या तुकड्यावर माझा विश्वास नव्हता. गेल्या उन्हाळ्यात एका सुट्टीला मी ठरवलं, तो काढून टाकायचा आणि मोकळं व्हायचं. पाठ उघडली. त्याच रांगेतले उरलेले जुने रेझिस्टर इतक्या वर्षांत मी कधी नीट पाहिलेच नव्हते, माझं लक्ष कायम हिरव्यावर. एकाला बोट लावलं तर त्याची चीर हाताला लागली. दुसऱ्याचा रंग जळून करपलेला.

ही रांग कशासाठी असते ते मला पुस्तकात शिकवलं होतं. अ‍ॅम्प्लिफायर बंद केला की पोटात साठलेले दोन हजार व्होल्ट ह्या रांगेतून वाहून जातात. रांग एका जागी जरी तुटली तरी ते आतच राहतात. म्हणून पूर्वी सुई रेंगाळत होती. यंत्राची खोडच ती, असं समजून मी कित्येकदा पाठ उघडली होती. ठाण्यात कोणीतरी ते उघडलं, रांग तुटलेली पाहिली, आणि न बोलता जोडून ठेवली. ज्याला मी माझ्यावर ठेवलेला कान समजत होते, त्यानं मला जिवंत ठेवलं होतं.

मी तिथूनच बाबांना फोन लावला. बाबांशी बोलताना माझी भाषा आपोआप गावाला जाते. "बाबा, डब्बा ठान्यातून आला तवा कोनी काही सांगितलं होतं का?"

पलीकडे चक्कीचा आवाज होता. तो बंद झाला. "आला होता एक पोरगा घरी. ठान्यात वायरलेसवर होता, सिरोंचाकडचा. तू दुकानात होती. म्हने, आतला एक तुकडा जळला होता, मी बदलला. पोरीले सांगा, मरन होतं त्याच्यात."

"अन् तुमी मले नाई सांगितलं?"

"सांगितलं असतं त तुले वाटलं असतं, ठान्यात बी आपला मानूस आहे. तू राह्यली असती."

मी फोन ठेवला. त्यानंतर बरेच दिवस मी बाबांशी आईमार्फतच बोलले. राग होता, पण त्यांच्यावर धड ठरेना. मग धान निघाल्यावर रजा टाकून गावी गेले. बाबा चक्कीत पिठानं पांढरे होऊन बसले होते. मी शेजारी पोत्यावर बसले आणि इतकी वर्षं न विचारलेलं विचारलं. "त्या बाजारात कोनी धमकी दिली होती तुमाले?"

"कोनी नाई."

"मग?"

बाबांनी पट्ट्यावरचं पीठ हातानं झाडलं. "कोनी काहीच बोललं नाई, पोरी. सगळा बाजार फिरलो. मिरची घ्याले बसलो, त मिरचीवाला दुसरीकडे पाहे. ज्याले राम राम घातला तो सामान बांधाले लागे. धमकी देनाऱ्याच्या त पाया पडता येते. न बोलनाऱ्याले काय म्हनाचं?" मग म्हणाले, "तू गेल्यावर महिन्याभरात चक्कीवर पुन्हा रांग लागली."

तेवढ्यात पाड्यावरून जैनीबाई तांदूळ दळायला आली. मागे मधुकरभाऊंची सून, आणखी दोघी. "जोहार," जैनीबाई म्हणाली आणि मला निरखून बघत राहिली. "कधी आली ओ बाई? किती दिस आहे?"

आल्यापासून सगळे हेच विचारत होते, किती दिवस आहेस. मी प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे बघत होते. राहा म्हणून विचारतात की जा म्हणून, ते मला एकाच्याही चेहऱ्यावर वाचता आलं नाही. रजा अजून चार दिवस शिल्लक होती. मी तोंड उघडणार, एवढ्यात बाबाच बोलले, मागच्या एकीचा दळणाचा डबा वजनाला लावता लावता, अगदी सहज.

"उद्या जाऊन राह्यली."

जैनीबाईनं मान हलवली, डोक्यावरची टोपली खाली उतरवली आणि माझ्या शेजारी पोत्यावर टेकली. मधुकरभाऊंची सूनही सरकून जवळ आली. नाशिकला पाणी कसं येतं, भाजी काय भाव, सगळं विचारू लागल्या. मी सांगत होते. कितीतरी वर्षांनी आमच्या दारात बसून मी गावाशी बोलत होते, आणि उद्या जाते म्हणूनच ते माझ्याशी बोलत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी निघाले.