मुलांना रेंजवर नेलं तो रविवार

शेजारच्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, गोळी लागून एक मुलगा गेला, तेव्हा माझी मुलगी सहावीत होती आणि मुलगा तिसरीत. तो मुलगा मित्राच्या घरी खेळायला गेला होता. मित्राच्या वडिलांचं पिस्तूल पलंगाशेजारच्या खणात होतं. आमच्या शाळेनंही पालकांना ईमेल पाठवली. इतकी जपून लिहिली होती की नेमकं काय झालं ते कळायला मला ती दोनदा वाचावी लागली. मग दिवसभर काम झालं नाही.

आम्ही पेन्सिल्व्हेनियात, स्टेट कॉलेजला राहतो. शिकायला आलो आणि इथेच राहून गेलो. मी विद्यापीठाच्या एका लॅबमध्ये उपकरणं सांभाळतो, बायको हॉस्पिटलात फार्मसिस्ट आहे. इथे हरणांच्या शिकारीचा सीझन उघडतो त्या सोमवारी शाळेला सुट्टी असते. मुलांच्या वर्गातली कितीतरी मुलं आजोबांबरोबर, काकांबरोबर रानात जातात. आपल्या घरात बंदूक नाही म्हणजे आपला तिच्याशी संबंध नाही, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो.

आमच्या लॅबच्या स्टोअरमध्ये निवृत्तीला आलेल्या एक अमेरिकन बाई आहेत. त्या रविवारी गावाबाहेरच्या एका क्लबच्या नेमबाजीच्या रेंजवर लहान मुलांना बंदुकीची सुरक्षितता शिकवतात, हे सगळ्यांना माहीत होतं. मी त्यांना विचारलं, मुलांना आणू का? त्या म्हणाल्या, "आण. पण नेमबाज बनवायला आणत असशील तर नको आणूस. घाबरायचं कशाला आणि कशाला नाही, एवढंच मी शिकवते."

बायकोला हे अजिबात पटलं नाही. "ज्या गोष्टीपासून लांब ठेवायचं, ती हातात द्यायला चाललायस?"

"आपण लांब ठेवू गं. बाकीचे ठेवतील का?"

"मग बाकीच्यांकडे पाठवू नकोस."

"कोणाकोणाकडे नाही पाठवायचं?"

शेवटी तिनं जाऊ दिलं. ती आली मात्र नाही. ऑक्टोबर संपत आला होता. रविवारी सकाळी तिनं मुलांना जाड जॅकेटं घातली, थर्मासमध्ये चहा दिला आणि दारातूनच आत वळली. मला स्वतःला थोडा उत्साह होता, हे लपवण्यात अर्थ नाही. नागपूरला कॉलेजात असताना छात्रसेनेच्या कॅम्पात मी रायफलनं पाच गोळ्या मारल्या होत्या आणि त्यातल्या चार कागदाला लागल्या होत्या. रस्ताभर ते मी मुलांना सांगत होतो. मुलगा प्रश्न विचारत होता. मुलगी खिडकीबाहेर बघत होती.

रेंज म्हणजे डोंगराच्या कुशीत सपाट केलेली जागा. एका बाजूला पत्र्याची शेड आणि लाकडी बाकं, समोर मातीचा उंच बांध. बाईंनी आम्हाला आधी शेजारच्या खोलीत नेलं. तिथे आणखी दोन मुलं आणि त्यांचे वडील होते. टेबलावर एक पिस्तूल ठेवलेलं होतं. बाईंनी ते आमच्यासमोर उघडून, आत बोट घालून रिकामं असल्याची खात्री केली होती. तरी म्हणाल्या, "ही बंदूक भरलेली आहे. जगातली प्रत्येक बंदूक भरलेली आहे. कोणी काहीही सांगू दे."

मग एकेक नियम. नळी कधीच माणसाकडे करायची नाही, गमतीतही नाही. मारायचं ठरेपर्यंत बोट चापावर ठेवायचं नाही. निशाणाच्या मागे काय आहे ते आधी बघायचं. आणि मोठं माणूस शेजारी नसताना कुठेही बंदूक दिसली, तर हात लावायचा नाही, तिथून निघायचं आणि मोठ्या माणसाला सांगायचं. हे शेवटचं त्यांनी प्रत्येक मुलाकडून मोठ्यानं म्हणवून घेतलं. माझ्या मुलानं खणखणीत आवाजात म्हटलं. मुलीचा आवाज मला ऐकूच आला नाही.

मग बाईंनी पिस्तूल उचललं, खालून मॅगझिन काढून टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "गोळ्या या डबीत असतात. डबी काढली. आता ही रिकामी?"

"येस!" मुलगा म्हणाला. दुसरी दोन्ही मुलं पण तेच म्हणाली.

"नो," माझी मुलगी म्हणाली. "आत एखादी असू शकते. वरचं मागे खेचायचं. मग ती बाहेर पडते."

बाई थांबल्या. "बरोबर. कुठून बाहेर पडते? हात न लावता दाखव."

मुलीनं लांबूनच बोट केलं. पिस्तुलाच्या उजव्या बाजूची चीर तिनं बरोबर दाखवली. मग म्हणाली, "इट जम्प्स."

मला कौतुक वाटलं. हे मला आजही सहन होत नाही. माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की पोरगी किती हुशार, कुठेतरी व्हिडिओ बघितला असेल. मी शेजारच्या वडिलांकडे बघून हसलोसुद्धा.

बाई हसल्या नाहीत. मुलं कानांवर आवाज अडवणारे मफ आणि डोळ्यांवर चष्मे चढवत होती, तेव्हा त्या माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "हिनं हे समोर बघितलंय. आज घरी जाताना विचार. ओरडू नकोस. ओरडलास तर पुन्हा कधी सांगणार नाही."

पुढचा तासभर काय झालं ते मला तुकड्या-तुकड्यांत आठवतं. छोटी रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवलेली होती. एका वेळी एकच गोळी भरायची. बाई प्रत्येक मुलाच्या खांद्यामागे उभ्या. मुलानं पाच मारल्या आणि कागद बघायला मिळाल्यावर उड्या मारल्या. मुलगी बसली. तिनं सगळं सांगितल्याप्रमाणे केलं, बोट बाहेर, श्वास सोडून, आणि एक गोळी मारली. बारीकसाच आवाज. मग तिनं रायफल खाली ठेवली, नळी बांधाकडे ठेवूनच, आणि चष्म्याच्या आतून रडायला लागली. बाईंनी तिला काही विचारलं नाही. नळावर नेऊन दोघांचे हात साबणानं धुवायला लावले, कारण बंदुकीचं शिसं हाताला लागतं, आणि आम्हाला गाडीपर्यंत सोडलं.

गाडी मी लगेच सुरू केली नाही. पुढे बघतच विचारलं, "कुठे बघितलं होतंस बाळा?"

मग मागून मुलगाच म्हणाला, "काकांच्या घरी. गणपतीला."

काका म्हणजे माझा मित्र. आम्ही दोघं एकाच वर्षी आलो, दोन वर्षं एका खोलीत राहिलो, एका कुकरमध्ये डाळ-भात लावला. माझी मुलगी झाली तेव्हा हॉस्पिटलात भेटायला पहिला तोच आला होता. त्याच्याकडे दरवर्षी गणपती बसायचा आणि गावातली सगळी मराठी घरं आरतीला जमायची. त्याची मुलगी माझ्या मुलीहून वर्षानं मोठी. दोघी सख्ख्या बहिणींसारख्या वाढल्या.

मुलीनं तुटक-तुटक सांगितलं, अर्धं इंग्लिशमध्ये. खाली आरती चालली होती. मुलं वर होती. मैत्रीण म्हणाली, गंमत दाखवते. आई-बाबांच्या खोलीतल्या कपाटात वरच्या फळीवर बुटांचा खोका होता, त्यात पिस्तूल. तिनं डबी काढली आणि म्हणाली, आता रिकामं आहे, बाबांना असं करताना मी चोरून बघितलंय. मग तिनं ते माझ्या मुलावर धरलं आणि 'हँड्स अप' म्हणाली.

"मी केले ना हात वर," मुलगा म्हणाला. त्याच्या लेखी तो खेळच होता.

"देन शी वॉन्टेड टू मेक द क्लिक," मुलगी म्हणाली. "शी सेड, क्लिकसाठी आधी वरचं मागे खेचावं लागतं. तिनं खेचलं आणि एक बुलेट उडून कार्पेटवर पडली."

"मग?"

"मग तिनं डबी परत आत घातली. खोका वर ठेवला. म्हणाली, सांगितलंस तर बाबांना पोलीस नेतील."

आधी मागे खेचावं लागतं, असं त्या पोरीला वाटलं. तसं वाटलं नसतं तर? त्या वेळी मी खाली टाळ्या वाजवत होतो. कोणाचं तरी कडवं चुकलं म्हणून हसलो होतो, हेही आठवतंय. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून मी तसाच बसून राहिलो. मुलगी सारखी म्हणत होती, "आर यू मॅड? बाबा, आर यू मॅड?" मी नाही म्हणालो. ओरडलो नाही. एवढं एक त्या दिवशी मला धड जमलं.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. तिनं मुलाला जवळ घेतलं आणि त्याच्या छातीवर, पोटावर हात फिरवत राहिली, तो 'आई, टिकल्स' म्हणून वळवळत होता तरी. मग उठून म्हणाली, "चल. आत्ताच्या आत्ता." शेजारच्या आजींकडे मुलांना ठेवून आम्ही दुपारीच मित्राकडे गेलो.

वहिनींनी दार उघडलं. पोह्यांचं विचारलं. मी मित्राला म्हणालो, "तुझ्याकडे पिस्तूल आहे?"

वहिनी हसल्या. "काहीतरीच काय भाऊजी!"

तो हसला नाही. दोन वर्षांपूर्वी इथल्या चार-पाच भारतीय घरांत सोन्यासाठी चोऱ्या झाल्या होत्या, त्यात वहिनींच्या आईच्या बांगड्या गेल्या होत्या. त्यानंतर त्यानं ते आणलं होतं आणि बायकोला सांगितलं नव्हतं. हे मला नंतर कळलं. तेव्हा तो एवढंच म्हणाला, "आहे. पण सेफ आहे. मुलांना काही माहीत नाही."

मी ऐकलेलं सगळं सांगितलं. त्याचा चेहरा लाल झाला. "मुलं काहीही सांगतात यार. मी कधीच लोडेड ठेवत नाही." तो तरातरा वर गेला आणि खोका घेऊन आला. डायनिंग टेबलावर आपटून म्हणाला, "बघ."

त्यानं मॅगझिन काढलं. "बघ, रिकामं."

"वरचं मागे खेच," मी म्हणालो. हे मला स्वतःला त्याच सकाळी कळलं होतं.

त्यानं खेचलं. आत काहीच नव्हतं. तो माझ्याकडे बघत राहिला. "झालं समाधान? माझ्या पोरीवर आरोप करायला आलास माझ्या घरी?"

तेवढ्यात त्याची मुलगी जिन्यावरून खाली आली. ती कधीपासून ऐकत होती कोण जाणे. ती टेबलापाशी आली, मूठ उघडली आणि गोळी ठेवली. पितळी, छोटी, माझ्या करंगळीच्या पेराएवढी.

"कलर पेन्सिलींच्या डब्यात होती," ती म्हणाली. "मला परत घालता येईना."

दीड महिना ती गोळी त्या पोरीनं शाळेच्या पुस्तकांशेजारी लपवून ठेवली होती. वहिनी खुर्चीवर बसल्या. माझ्या बायकोनं त्या मुलीला पोटाशी धरलं. मित्र गोळीकडे बघत म्हणाला, "पण गोळ्या तर मी काढून ठेवल्या होत्या." मग पुन्हा तेच. त्याला डबीतल्या गोळ्या काढल्या म्हणजे पिस्तूल रिकामं झालं, एवढंच ठाऊक होतं. विकणाऱ्यानं कदाचित सांगितलंही असेल. त्यानं ऐकलं नसेल.

आम्ही निघालो तेव्हा तो दारापर्यंत आला नाही.

त्या आठवड्यात त्यानं ते पिस्तूल विकून टाकलं. मला मेसेजनं कळवलं, दोन शब्दांत: "गेलं ते." मी फोन केला, त्यानं उचलला नाही. नंतर दोनदा भेटलो, बोललो, पण नोकरी आणि हवामान यांच्यापुढे गेलो नाही. मी त्याच्याशी चुकीचं वागलो असं मला वाटत नाही. त्यानं काय बोलायला हवं होतं तेही मला सांगता येणार नाही. पुढच्या वर्षी त्यांच्याकडे गणपती बसला नाही. वहिनी कारण काहीतरी सुतकाचं सांगत होत्या असं ऐकलं.

मुली बसमध्ये वेगळ्या बाकांवर बसायला लागल्या. रेंजनंतरच्या त्याच हिवाळ्यात माझी मुलगी मला एकदा म्हणाली, "मी सांगितलं म्हणून ती बोलत नाही."

"तू सांगितलंस म्हणून कोणाला काही झालं नाही."

"बट नथिंग हॅपन्ड एनीवे, बाबा."

मी तिला समजावायला गेलो आणि मधेच थांबलो. काहीच घडलं नव्हतं, ते खरंच होतं. शेजारच्या काउंटीतल्या त्या मुलाच्या घरीही आदल्या दिवसापर्यंत काही घडलं नव्हतं. पण हे बारा वर्षांच्या मुलीला कोणत्या तोंडानं सांगायचं?

आता मुलं कोणाकडे जाणार असतील तर मी आधी फोन करतो. घरात बंदूक आहे का, असेल तर कुलपात आहे का, गोळ्या वेगळ्या ठेवल्यात का. पहिला फोन मुलाच्या वर्गातल्या एका अमेरिकन मुलाच्या आईला केला. ती बाई शांतपणे म्हणाली, "तीन आहेत, तिजोरीत. येऊन बघून जा." मी गेलो आणि बघून आलो. आपल्या लोकांना विचारणं जास्त अवघड जातं. एक जण हसला. एकीनं फोन ठेवला आणि तिच्या मुलाच्या वाढदिवसाला आम्हाला बोलावलं नाही.

मुलाला रेंजवर पुन्हा जायचं असतं, तो विचारत राहतो. मुलगी कधीच विचारत नाही. मी फोनवर असतो तेव्हा ती बूट घालून दारात उभी असते, माझं बोलणं संपेपर्यंत. मी मान डोलावली की निघते.